मागचा पाय

मोठ्या फरकाने हरलेला सामना माणूस रात्रीच्या जेवणापर्यंत विसरतो. एका गुणाने हरलेला सामना मात्र वर्षानुवर्षे संपत नाही. आम्ही मूळचे वसईकडचे. आमचे बालपण पॅरिशच्या मैदानावर फुटबॉल खेळण्यात आणि त्याहून अधिक, हरलेल्या फुटबॉलची चर्चा ऐकण्यात गेले. सणाच्या दिवशी कोणी पेनल्टी किक बाहेर मारली, तर तिचे पोस्टमॉर्टेम पुढच्या वर्षीच्या सणापर्यंत चाले. किक मारणारा दोन मुलांचा बाप झाला, तरी त्याच्या पाठीमागे 'तोच तो, ज्याने बारवरून मारली' असे म्हणणारे भेटतच. आम्हीही म्हणत असू. त्यात काही गैर आहे असे कधी मनातही आले नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्ही पोलादपूर तालुक्यात शिक्षक म्हणून गेलो आणि पंचवीसेक वर्षे तिथेच राहिलो. तिथे आमचा फुटबॉल सुटला आणि कबड्डीची ओळख झाली. मैदान बदलले, खेळ बदलला. हरल्यानंतरची चर्चा मात्र जशीच्या तशी होती. त्या चर्चेत आमच्या हातून घडलेली एक गोष्ट आज वाचकांपुढे मांडायची आहे.

पोलादपूरहून आत गेले की सावित्रीच्या खोऱ्यातील डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. त्या डोंगरांच्या कुशीत उमरठ आहे. पुढे ढवळे, त्यावर चंद्रगड आणि त्याच्याही माथ्यावर महाबळेश्वरचे पठार. उमरठ हे नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांची समाधी तिथे आहे, आणि माघ वद्य नवमीला दरवर्षी माणसे तिथे जमतात. 1670 साली त्याच तिथीच्या रात्री सिंहगड घेताना तानाजी पडले. सरदार पडल्यावर मावळे दोरांकडे धावले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले आणि पळणारे परत फिरले, अशी परंपरागत कथा आहे. उमरठच्या पोराला ही कथा आईच्या दुधाबरोबर मिळते. गावातील भांडणातसुद्धा तिचा दाखला दिला जातो.

त्या भागात शेती पावसावर, आणि कर्ता माणूस बहुधा मुंबईत. एकेकाळी लालबाग-परळच्या गिरण्यांतून या खोऱ्यातील माणसे कामाला होती. सुट्टीला ती गावी येत, आणि येताना मुंबईच्या मंडळांची कबड्डी घेऊन येत. भात कापून झाले, खाचरे कोरडी पडली की मैदाने आखली जात. माघापासून वैशाखापर्यंत दर आठवड्याला कुठे ना कुठे विजेच्या दिव्यांखाली सामने असत. आम्ही शिक्षक, अक्षर बरे आणि हिशेबाला पक्के. म्हणून गुणलेखकाची खुर्ची पुष्कळदा आमच्या वाट्याला येई. कोणी कितव्या चढाईत गुण घेतला, कोणाची पकड झाली, कोण रेषेबाहेर गेला, हे सारे त्या कागदावर नोंदायचे असते. पुढे सामन्याच्या आठवणी बदलतात. कागद बदलत नाही.

ज्यांना कबड्डीची बारीक माहिती नाही, अशा वाचकांसाठी एक नियम सांगितला पाहिजे. प्रतिपक्षाचे सहा किंवा सात खेळाडू मैदानात असतील, तेव्हा चढाई करणाऱ्याला कोणाला न शिवताही एक गुण मिळवता येतो. आतल्या बाजूला जी बोनस रेषा आखलेली असते, तिच्यापलीकडे एक पाय टेकायचा. पण त्या क्षणी मागचा पाय हवेत हवा. मागचा पाय जमिनीला टेकलेला असेल, तर गुण नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते एवढाच हा खेळ. शिवून आणलेल्या गुणाला टाळ्या पडतात, पकडीला शिट्ट्या होतात. बोनसचा गुण मुकाट्याने येतो आणि मुकाट्याने जातो, आणि चुरशीचा सामना बहुधा त्याच्यावरच फिरतो.

2003 सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. उमरठच्या मुलांचा संघ शेजारच्या एका गावच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचला होता. गुणलेखक आम्हीच होतो. सामना असा रंगला की मैदानाभोवतीची माणसे रेषेवर येऊन उभी राहिली. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला, तेव्हा गुणफलकावर 21-22 होते. उमरठ एका गुणाने मागे, शेवटची चढाई उमरठची आणि समोर सहा खेळाडू. बोनस मिळाला की बरोबरी, आणि बरोबरी झाली की पाच-पाच चढायांचा निकाली डाव.

चढाईला अकरावीतला एक मुलगा गेला. आमचाच विद्यार्थी. अंगाने शिडशिडीत, पायांत वीज. तो थेट डाव्या कोपऱ्याकडे गेला, पाय टाकला, गर्रकन वळला आणि मध्यरेषेकडे धावत आला. येतानाच त्याचे दोन्ही हात वर होते. उमरठची माणसे ओरडत आत शिरली. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की पंचांनी बोनसची खूण केलेली नाही. शिट्टी झाली. सामना 21-22 असाच संपला. त्या मुलाचे हात कितीतरी वेळ वरच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमरठच्या देवळाच्या सभामंडपात चर्चा बसली. मुंबईला परतणाऱ्या मंडळींची एसटी यायला अवकाश होता. आम्हीही रात्री गावातच मुक्कामाला होतो. सुरुवात चांगली झाली. एक म्हातारे गृहस्थ, जे स्वतः एकेकाळी गिरणीच्या संघातून खेळलेले होते, म्हणाले, "सहा जण उभे असताना बोनसला जाणं बरोबरच. शिवायला गेला असता तर धरला असता." दुसऱ्याचे म्हणणे, मोठ्या खेळाडूला पाठवायला हवे होते. तिसऱ्याने पंचांवर ठपका ठेवला. चौथा म्हणाला, पहिल्या डावात आपण ढिले पडलो तिथेच सामना गेला. अशी चर्चा आम्हांला मनापासून आवडते. खेळ समजणारी माणसे खेळावर बोलत असतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात शाळेतल्या कोणत्याही तासापेक्षा अधिक शिक्षण असते.

पण हळूहळू बोलणे अरुंद होत गेले. पहिला डाव मागे पडला, पंच मागे पडले, आणि उरला तो एकच प्रश्न: मागचा पाय उचलला होता की नव्हता? तो मुलगा खांबाला टेकून बसला होता. त्याला कोणी विचारीत नव्हते. एकाने रागाने म्हटले, "तानाजीच्या गावचा पोर, आणि मागचा पाय उचलत नाही!" त्यावर काही जण हसले. मग कोणीतरी आमच्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही तर समोरच बसला होता. तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

वाचकहो, इथे आम्हांला थांबले पाहिजे. त्या शेवटच्या चढाईच्या वेळी आम्ही मान खाली घालून आधीच्या चढाईची नोंद करीत होतो. प्रतिपक्षाच्या खेळाडूचा क्रमांक आम्हांला नीट दिसला नव्हता, म्हणून शेजारच्याला विचारून तो लिहीत होतो. आम्ही मान वर केली, तेव्हा मुलगा वळून परत येत होता. त्याचा पाय आम्ही पाहिलाच नव्हता. "आमच्या पाहण्यात आले नाही" एवढे चार शब्द बोलायचे होते. पण सगळे आमच्या तोंडाकडे पाहत होते, आमचा शब्द शेवटचा मानला जात होता, आणि 'सर' म्हणून मिळालेला तो मान सोडवेना. आम्ही म्हणालो, "नव्हता उचलला. आम्ही पाहिले."

चर्चा तिथेच संपली. माणसे उठली. एसटी आली, मुंबईकर गेले. मुलगा खांबाशीच बसून होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता, तर आम्हांला बरे वाटले असते.

पुढच्या वर्षी तो संघात नव्हता. बारावी झाल्यावर मुंबईला कामाला गेला. उमरठचा संघ खेळत राहिला, हरत-जिंकत राहिला. कधी त्या सामन्याचा विषय निघाला, की माणसे त्या मुलाचे नाव घेत आणि पुढे म्हणत, "सरांनी स्वतः पाहिलं." आमची साक्ष आता गावाच्या इतिहासात जमा झाली होती.

2012 साली आम्ही निवृत्त झालो. सामानाची आवराआवर करताना जुन्या वह्यांत त्या सामन्याच्या गुणपत्रकाची आमची प्रत सापडली. ती आम्ही खाटेवर बसून वाचली, आणि आमच्या अंगाला घाम फुटला. पहिल्या डावात संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू निदानरेषा न ओलांडताच परत आला होता. बाद, प्रतिपक्षाला एक गुण. एका रक्षकाचा पाय मागच्या रेषेबाहेर गेला होता, आणखी एक. एका चढाईत दम उशिरा लावला होता, त्याचा एक. आणि पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल एक तांत्रिक गुण दिला होता. चार चुका, चार गुण. यांतली एकही त्या मुलाची नव्हती. उलट, उमरठच्या 21 गुणांपैकी पाच त्याने एकट्याने आणले होते. सामना एका गुणाने गेला होता, आणि असे चार गुण आम्हीच आमच्या हाताने, आमच्याच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्या सकाळी सभामंडपात हा कागद आमच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला होता. तो उघडण्याचे आम्हांला सुचले नाही. न पाहिलेल्या पायाची साक्ष मात्र तत्परतेने दिली.

लहानपणी कुमसाराला जाण्यापूर्वी आम्हांला शिकवले होते, की तिथे आपली पापे सांगायची असतात, शेजाऱ्याची नव्हे. लहान वयात ही सूचना गमतीची वाटे. दुसऱ्याची पापे सांगायला कोण जाईल? पण हरलेल्या संघाच्या चर्चेत बसून पाहावे. तिथे सारे बोलणे शेजाऱ्याच्याच पापांचे असते.

आमच्या फुटबॉलमध्येही याहून वेगळे काय होते? 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधील भारत-फ्रान्स सामना आठवा. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, आणि फ्रान्ससारख्या संघाला त्यांनी अखेरपर्यंत झुंजवले. भारताचा गोल रामन यांनी केला. पण त्या सामन्यात भारताला मिळालेल्या दोन्ही पेनल्टी किक वाया गेल्या, आणि शेवटच्या घटकेला फ्रान्सने गोल करून 2-1 असा विजय मिळवला. दोन किक आणि एका गोलचा फरक! ठपका ठेवायला याहून सोपा सामना कोणता? वाया गेलेल्या त्या किकांपैकी एक शैलेन मन्ना यांची होती. त्यांना कोणी संघाबाहेर काढून टाकले नाही. तीनच वर्षांनी, 1951 च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई खेळांत तेच भारताचे कर्णधार होते, आणि भारताने अंतिम सामन्यात इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. ही हकिकत आम्ही निवृत्तीनंतर वाचली. वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उमरठचा तो खांब आला. आमच्या मुलाला त्याचे 1951 पाहायला मिळाले नव्हते.

2018 सालच्या ऑगस्टमध्ये, एका जुन्या सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या समारंभासाठी आम्ही पोलादपूरला गेलो. नारळी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, आणि पाऊस असा कोसळत होता की समोरची दुकाने दिसेनात. स्टँडवर छत्री सावरीत उभे असताना एक मिनिडोर येऊन थांबली. चालकाने पडदा बाजूला केला आणि म्हणाला, "सर, पुढे बसा. उमरठला येताय ना?" पंधरा वर्षांनी तो आम्हांला असा भेटला. मुंबई सोडून तो वडिलांच्या आजारपणात गावी परतला होता आणि आता पोलादपूर ते उमरठ अशी गाडी चालवीत होता. समारंभ संध्याकाळी होता. आम्ही निमूट पुढे बसलो.

त्या आठवड्यात सारे कबड्डीवाले सुतकात होते. जकार्ताच्या आशियाई खेळांत अघटित घडले होते. 1990 साली बीजिंगला कबड्डीचा आशियाई खेळांत समावेश झाला, तेव्हापासून 2014 पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सुवर्णपदक भारताचेच होते. 2018 साली गटातील सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 24-23 असे एका गुणाने हरवले, आणि उपान्त्य फेरीत इराणने 27-18. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना झाला. 2010 आणि 2014 ची सुवर्णपदके आपल्या मुलींची होती. याही वेळी मध्यंतराला त्या 13-11 अशा पुढे होत्या. शेवटी इराण 27, भारत 24.

उमरठला पोहोचलो, तर चहाच्या टपरीत तीच चर्चा. आमच्या ओळखीचे दोघे-तिघे होते, बाकीची नवी पिढी. कोणी म्हणत होता, अमुक चढाईला अमुक मुलीने जायलाच नको होते. कोणी एका पकडीवर बोट ठेवीत होता. संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे होत्या, म्हणून त्यांच्यावर प्रेमही अधिक आणि रागही अधिक. मग इराणच्या प्रशिक्षकांचे नाव निघाले. शैलजा जैन, आपल्या नाशिकच्या. एक तरुण तावातावाने म्हणाला, "आपल्याच बाईनं आपल्याला हरवलं!"

आमचा चालक बाकावर बसून बशीत चहा ओतीत होता. तो शांतपणे म्हणाला, "बाईनं शिकवलं. शिकवणं तिचं काम. तिनं ते चांगलं केलं, एवढाच तिचा गुन्हा." मग त्याने खिशातून एक छोटी वही काढली. "मध्यंतराला आपले तेरा, त्यांचे अकरा. म्हणजे दुसऱ्या डावात आपले अकरा आणि त्यांचे सोळा. पाच गुणांचा फरक अख्ख्या डावात पडलाय. तुम्ही एक चढाई घेऊन बसलाय. बाकीच्या चढायांत काय झालं, ते कोण बघणार?"

टपरीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका म्हाताऱ्याने विचारले, "तू कधीपासून वही ठेवायला लागलास?" कळले ते असे: पावसाळा सोडून दररोज संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर गावातील मुलींना कबड्डी शिकवतो. पावसात देवळाच्या सभामंडपात व्यायाम. त्याच सभामंडपात. आणि सामना हरल्यावर त्याचा एक नियम आहे. सगळ्या मुलींनी गोल बसायचे, आणि प्रत्येकीने फक्त स्वतःची एक चूक सांगायची. दुसरीचे नाव घेतले, की मैदानाला दोन फेऱ्या. सगळ्यांचे सांगून झाल्यावर मग खेळावर काय हवे ते बोलावे. "पहिल्यांदा फेऱ्याच जास्त झाल्या," तो हसून म्हणाला. "आता मुली भांडतात, की माझी चूक तुझ्या चुकीपेक्षा मोठी होती म्हणून."

परतीच्या वाटेवर गाडीत आम्ही दोघेच होतो. एका वळणावर रस्त्यावरून पाणी वाहत होते, म्हणून त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली. पंधरा वर्षे तोंडाशी आलेले वाक्य आम्ही तिथे बोललो. म्हणालो, "त्या दिवशी आम्ही तुझा पाय पाहिला नव्हता. आम्ही मान खाली घालून लिहीत होतो. न पाहता साक्ष दिली."

तो समोरच्या काचेवरून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक आहे, सर. वळल्यावर मी पहिलं तुमच्याकडंच बघितलं होतं, गुण लिहिलात का म्हणून. तुमची मान खाली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही सांगितलंत ते खरंच होतं. टाच टेकली होती माझी. मला तिथंच कळलं होतं."

आम्ही थक्क झालो. "मग हात का वर केलेस?"

"वाटलं, पंचांच्या नजरेतून सुटलं असेल," तो म्हणाला आणि हसला. "म्हणजे खोटं आपण दोघंही बोललो. मी हातानं, तुम्ही तोंडानं."

थोड्या वेळाने आम्ही विचारले, "आणि खेळ का सोडलास? त्या बोलण्याने?"

"नाही, सर. हरलो की बोलणारच माणसं. त्याचं काही नाही. पण पुढच्या माघात मैदान आखलं, आणि 'येतोस का' म्हणून मला कोणी विचारलंच नाही. मी वाट बघत होतो."

त्या वर्षभर तो आमच्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर बसत होता. आम्ही त्याला रोज पाहत होतो. आम्हीही विचारले नव्हते.

पाणी ओसरले आणि गाडी पुढे निघाली. वाटेत समाधीकडे जाणाऱ्या फाट्याजवळ आम्हांला सूर्याजीची कथा आठवली. ती आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! दोर कापले, एवढेच आम्ही रंगवून सांगत असू. पळालेल्या त्या मावळ्यांची नावे इतिहासाने कुठे लिहून ठेवलेली नाहीत, हे मात्र कधी लक्षात आले नव्हते. ते परत फिरले आणि त्यांनी गड घेतला. त्या रात्री कोण आधी पळाला, याची चौकशी पहाटे कोणी केली असेल, असे वाटत नाही. त्यांना परत बोलावणारा माणूस तिथे होता. आमच्या मुलाला तो मिळाला नाही, आणि ती जागा आमची होती.

वसईला परतल्यावर ते गुणपत्रक आम्ही त्याला टपालाने पाठवले. पाठवण्यापूर्वी शेऱ्याच्या रकान्यात, शेवटच्या चढाईसमोर, एक ओळ लिहिली: 'ही चढाई गुणलेखकाने पाहिली नाही.' खाली सही केली आणि त्या दिवसाची तारीख घातली. पंधरा वर्षे उशिरा का होईना, नोंद पुरी झाली.

चूक कोणाची हे विचारूच नये, असे आमचे म्हणणे नाही. चूक झाकून संघ सुधारत नाही. टाच टेकली, तर ती टेकली असेच म्हटले पाहिजे. उमरठच्या त्या म्हाताऱ्या गिरणी कामगाराने चर्चेला सुरुवात केली, तशी ती शेवटपर्यंत चालली असती, तर त्या मुलानेच कदाचित उठून सांगितले असते, की माझी टाच टेकली. माणसाला स्वतःची चूक सांगायला जागा लागते. ती आपण आपल्या निकालाने आधीच भरून टाकतो. जे आमच्या मैदानावर घडले, ते घरातही घडते. परीक्षेत मुलगा दोन गुणांनी मागे पडतो, दुकानाला तोटा होतो, लग्न मोडते. मग घरातली सारी माणसे सभामंडपात बसल्यासारखी बसतात आणि शेवटचा पाय कोणाचा होता तेवढेच शोधतात. आधीचे चार गुण कोणी दिले, तो कागद घडी घातलेलाच राहतो. कारण तो उघडला, तर त्यात आपलेही नाव निघण्याचा संभव असतो.

2023 सालच्या 7 ऑक्टोबरला त्याचा फोन आला. हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात चिनी तैपेईला 26-25 असे हरवून सुवर्णपदक परत आणले होते. त्याच दिवशी पुरुषांच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध 28-28 अशी बरोबरी असताना राखीव क्षेत्राच्या नियमावरून वाद उभा राहिला. जुना नियम लागू की नवा, या प्रश्नावर सामना तासभर अडला, आणि अखेरीस भारत 33-29 असा जिंकला. फोनवर मागे मुलींचा गलका ऐकू येत होता.

"सर, सव्वीस-पंचवीस!" तो ओरडून सांगत होता. "एका गुणानं जिंकलो! आता सांगा, एका गुणानं जिंकल्यावर चुका कोणी मोजायच्या?"

आम्ही म्हणालो, "तू मोज. तुझ्याकडे वही आहे."

"मुली लिहायला बसल्यात आधीच," तो म्हणाला. "आणि सर, तुमचा कागद वहीतच आहे. नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी तोच वाचायला देतो."

"शेऱ्यासकट?"

"शेऱ्यासकट," तो म्हणाला. मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.